निवण्याचा अर्थ

'शांत' म्हणजे जिथे काही घडत नाही ते, असे आपण धरून चालतो. शब्दांचा इतिहास वेगळे सांगतो. शांतीचा धातू 'शम्'. कष्ट करणे, दमणे हा त्याचा वैदिक अर्थ. थांबणे, विसावणे हे अर्थ त्यामागून आले. इटालियन-स्पॅनिश 'काल्मा'चे मूळ बहुतेक व्युत्पत्तिकार ग्रीक 'काउमा'त शोधतात, आणि त्याचा अर्थ आहे रणरणता ताप. भर उन्हात कामे थांबत, म्हणून तापाचा शब्द विसाव्याला मिळाला. आपले 'निवणे' ही दोन्ही टोके जोडते. भात निवतो, डोळे निवतात, जीव निवतो. जे तापलेच नाही ते निवत नाही.

भोसरी-चाकणच्या कारखानदारीत हा अर्थ डोळ्यांना दिसतो. घडाईनंतर पोलादात ताण उरतात. अॅनीलिंग करताना ते पोलाद पुन्हा लालबुंद तापवतात आणि भट्टीतच सावकाश निवू देतात, ताण सुटतात. पुरेसा कार्बन असलेला तोच तुकडा तापलेला असताना पाण्यात बुडवला, तर झटकन गार होतो, पण ठिसूळ बनतो. गार होणे आणि निवणे यांत एवढे अंतर आहे. शब्दाचे मूळ म्हणजे आजचा अर्थ नव्हे, हा आक्षेप रास्तच; पण 'निवणे' आजही याच अर्थाने घरोघर बोलले जाते. म्हणून पाळी संपवून आलेल्या माणसाला 'शांत हो' असे बजावू नये. त्याला निवायला वेळ द्यावा.