सात रस्ता आणि पेठा : सोलापुरातील सामासिक अंतरांचा प्रश्न

सोलापुरात घर बांधण्याच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. जुन्या पेठांत घराची दर्शनी भिंत थेट रस्त्यावर येते आणि बाजूच्या भिंती शेजाऱ्याशी लागून असतात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या घरात तर राहणे आणि माग एकाच छपराखाली. सात रस्ता, रेल्वे लाइन्स, सदर बझार हा भाग निराळा. इंग्रजी छावणी व १८६० साली आलेली रेल्वे यांच्या आश्रयाने तो वाढला. तेथील आदर्श म्हणजे चोहोबाजूंस आवार सोडून उभा असलेला बंगला. नियमांच्या भाषेतील ‘सामासिक अंतर’ हे वस्तुतः या आवाराचेच अपत्य होय.

या अंतरामागे आरोग्यविचार होता, हे मान्य केलेच पाहिजे. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या कार्यकाळात ६३.५ अंशांचा दंडक पुढे आला. त्याचा अर्थ इतकाच, की समोरच्या मोकळ्या जागेच्या सुमारे दुपटीहून इमारत उंच नसावी. हे प्रमाण होते. पुढील नियमावल्यांत मात्र ठराविक मापे रुळली, आणि लहान भूखंडाची अडचण तेथून सुरू झाली.

उदाहरणादाखल एक गुंठा, म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा घ्यावी. पुढे १० फूट व इतर तिन्ही बाजूंस ५ फूट सोडल्यास १,०८९ चौरस फुटांपैकी ४१४ उरतात. त्याच गुंठ्याचे दोघा भावांत उभे वाटे झाले, तर प्रत्येकास साडेसहा फूट रुंदीची पट्टी मिळते. तिला खोली म्हणण्यापेक्षा बोळ म्हणणे योग्य. अशा गृहस्थाने नकाशा मंजुरीस न देताच घर बांधले, तर त्याचे नवल वाटू नये. सात रस्त्यासारख्या चौकात तर कोपऱ्यावरील जागेला दोन रस्ते लागतात. सात रस्त्यांमधील कोन सरासरी ५१ अंशांचा, म्हणजे जागा पाचरीसारखी निमुळती, आणि समास दोन्हीकडून.

१८५२ साली स्थापन झालेली नगरपालिका १ मे १९६४ रोजी महानगरपालिका झाली. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने विकास योजनेची चौकट दिली, तरी लहान तुकडे पडतच राहिले. शेवटी राज्यास २००१ साली गुंठेवारीचा कायदा करून झालेली बांधकामे नियमित करण्याची वाट काढावी लागली. २०२१ मध्ये त्याची मुदतमर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. नियमाने आधी नाकारायचे आणि नंतर शुल्क घेऊन स्वीकारायचे, हा क्रम प्रशासनास भूषणावह नाही.

डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने दाट वस्ती वेगळी मानली, लहान भूखंडांवर ओळीने लागून घरे बांधण्यास वाव दिला आणि समास रस्त्याची रुंदी, भूखंड व उंची यांच्याशी जोडला. प्रमाणाची जुनी कल्पना येथे अंशतः परत आली. मात्र रुंदी हाच निकष ठरल्याने सात रस्त्याच्या प्रशस्त मार्गांवरील मालकास जे मिळते, ते पेठेतील बोळाच्या मालकास मिळत नाही. त्यातच नवे बांधकाम करताना त्याला रस्तारेषेपर्यंत मागे सरावे लागते. म्हणून तो जुनी भिंतच टेकू देऊन उभी ठेवतो, आणि रस्ता एखाद्या घरापुरता रुंद होऊन पुन्हा अरुंद होतो.