विवाहित स्त्री आणि मृत्युपत्राचा कारभार : एका कलमाचा इतिहास

मृताच्या मिळकतीचा कारभार कोणाच्या हाती सोपवावा, या प्रश्नाचे उत्तर कायदा बहुधा निषेधरूपाने देतो. १८६५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या १८३ व्या कलमान्वये अज्ञान व्यक्तीस आणि वेडसर व्यक्तीस प्रोबेट देता येत नसे. त्याच वाक्यात तिसरा निषेध होता : पतीच्या पूर्वसंमतीवाचून विवाहित स्त्रीसही ते मिळत नसे. या सान्निध्यावरून विवाहित स्त्रीची गणना बुद्धीने असमर्थ व्यक्तींत केली होती, असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो कितपत ग्राह्य आहे, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, अविवाहित स्त्री व विधवा यांना ही अट नव्हती. शिवाय अज्ञानत्व कोणाच्या संमतीने नाहीसे होत नाही. ही अडचण मात्र पतीच्या होकाराने दूर होई. तेव्हा प्रश्न स्त्रीच्या योग्यतेचा नसून पतीच्या हितसंबंधाचा होता. इंग्रजी रूढ कायद्यानुसार पत्नीने मृताच्या मिळकतीची हानी केल्यास तिची भरपाई पतीवर येई. ज्याच्यावर बोजा पडणार, त्याची संमती आधी घ्यावी, हे या अटीचे मूळ होय.

याच अधिनियमाच्या चौथ्या कलमाने विवाहामुळे स्त्रीच्या स्वतःच्या मिळकतीवरील अधिकारास बाध येत नाही, असे ठरविले होते. म्हणजे स्वतःच्या धनाबाबत ती स्वतंत्र, परंतु दुसऱ्याच्या धनाची विश्वस्त होताना पतीच्या अधीन, अशी विसंगती निर्माण झाली. इंग्लंडमध्ये १८८२ च्या विवाहित स्त्रियांच्या मिळकतीविषयीच्या कायद्याने पतीची ही जबाबदारी दूर केली. भारतात ती अट टिकून राहिली. १९२५ च्या एकत्रित अधिनियमाच्या २२३ व्या कलमात ती पुन्हा आली. मात्र मृत व्यक्ती हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख वा जैन असल्यास ती लागू नव्हती. तिचा भार मुख्यतः ख्रिस्ती, पारशी व यहुदी कुटुंबांतील स्त्रियांवर पडला. आधुनिक म्हणून आणलेल्या कायद्याने या स्त्रियांवर लादलेले हे बंधन हिंदू वा मुसलमान मृताच्या मिळकतीबाबत नव्हते, ही गोष्ट चिंतनीय आहे.

१९२७ च्या अठराव्या अधिनियमाने ही अट वगळली आणि त्याचबरोबर, पतीने स्वतः कारभारात हात घातला नसल्यास पत्नीच्या चुकीस तो जबाबदार नाही, असा नियम १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मिळकतीविषयीच्या कायद्यात घातला. जबाबदारी गेली तेव्हाच संमतीही गेली. वरील अनुमानास यापरता सबळ पुरावा नको.

पात्रतेची कलमे एकटी वाचली असता दिशाभूल करतात. नुकसान झाल्यास भरपाई कोणी करावयाची, हे सांगणाऱ्या कलमांशेजारी ती ठेवली, म्हणजेच त्यांचा अर्थ उलगडतो.