कालप्रवासाचे चित्रपट आणि कार्यकारणभाव

कालप्रवासाच्या चित्रपटांवर ‘हे सारे अशक्य आहे’ असा आक्षेप नेहमी घेतला जातो. वाङ्मयाच्या अभ्यासकाने तो घेऊ नये. भागवतातील रैवत ककुद्मी कन्येसाठी वर विचारण्यास ब्रह्मलोकी जातो, तेथे क्षणभर थांबतो आणि परततो तेव्हा पृथ्वीवर युगे उलटून गेलेली असतात. श्रोता तेथे अडत नाही. कारण कथेचा नियम एकदा मान्य केला की पुढचे सारे त्या नियमानेच घडते. दोष अशक्यतेत नसतो, स्वतःच घातलेला नियम मोडण्यात असतो.

एच. जी. वेल्स यांची ‘द टाइम मशीन’ ही कादंबरी १८९५ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक इ. स. ८,०२,७०१ च्याही पुढे जातो व आपल्या काळात परततो. घडून गेलेले तो बदलू पाहत नाही. त्यामुळे तर्काला बाध येत नाही. खरी अडचण मागे जाण्यात आहे. भूतकाळात जाऊन कोणी आपल्या आजोबांना त्यांच्या बालपणीच ठार केले, तर मारणारा जन्मला कसा?

या प्रश्नाला चित्रपटांनी तीन उत्तरे दिली. पहिले असे, की भूतकाळ अढळ आहे. प्रवाशाची कृतीही त्यात आधीपासूनच गोवलेली असते. ख्रिस मार्कर यांच्या ‘ला जते’ (१९६२) या बहुतांशी स्थिर छायाचित्रांतून साकारलेल्या लघुपटात नायकाने बालपणी एका माणसाचा मृत्यू पाहिलेला असतो. तो मृत्यू त्याचा स्वतःचाच होता, हे अखेरीस उमगते. दुसरे उत्तर, भूतकाळ बदलता येतो. तिसरे, बदल करताच काळाला नवी शाखा फुटते आणि मूळ जग जसेच्या तसे राहते. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी निर्दोष आहेत. विसंगती उपजते ती त्यांची सरमिसळ झाली म्हणजे.

जेम्स कॅमेरून यांच्या ‘द टर्मिनेटर’ (१९८४) मध्ये २०२९ सालातून आलेला सैनिक आपल्याच सेनापतीचा पिता ठरतो. येथे पहिला नियम काटेकोरपणे पाळला आहे. परंतु १९९१ च्या दुसऱ्या भागात भावी महायुद्धाचे मूळच उखडले जाते. मग ज्या भविष्यातून पिता आला ते उरले नाही. पुत्र मात्र उरतो! ‘बॅक टु द फ्यूचर’ (१९८५) मध्ये नायक आईवडिलांच्या प्रथम भेटीत विघ्न आणतो, तेव्हा छायाचित्रातून भावंडे एकामागून एक पुसट होत जातात. जन्माचे कारणच नाहीसे झाले, तर ते चित्र हप्त्याहप्त्याने का पुसावे? उत्तर तर्कात नाही, नाट्यात आहे : प्रेक्षकाचा जीव टांगणीला लावण्यासाठी दिग्दर्शकाला एक घड्याळ हवे होते. ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ (२०१९) शाखांचा नियम तोंडाने सांगतो, पण शेवटी वृद्ध होऊन आलेला नायक कोणत्या शाखेत जगला, याविषयी दिग्दर्शक व पटकथाकार यांनीच परस्परविरोधी खुलासे केले.

यामागे एक मानवी ओढ आहे. अढळ भूतकाळ शोकांतिकेला गांभीर्य देतो, बदलता भूतकाळ आशा देतो. कथाकाराला दोन्ही हवे असतात, आणि ती दोन्ही जोडताना शिवण उसवते. हा कीस काढणे नव्हे. कृतीचा परिणाम लेखकाच्या सोयीने पुसता येऊ लागला, की पात्राच्या त्यागालाही मोल राहत नाही.

आपल्याकडे डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत हा मोह ओळखून आवरला आहे. ती कालप्रवासाची नव्हे, समांतर जगाची कथा आहे. १७६१ च्या रणांगणावर विश्वासरावांना गोळी लागत नाही, एवढाच एक बदल. त्यातून उभे राहिलेले निराळे जग इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत पाहून येतात. परंतु परतल्यावर आपले पानिपत हरलेलेच असते. मराठी मनाला याहून प्रिय असा कोणता बदल असेल? तरीही लेखकाने तो आपल्या जगात घडू दिला नाही.

वर्गात इतिहास शिकविताना ‘तसे झाले असते तर’ हा प्रश्न विद्यार्थी विचारतातच. तो दडपू नये. मात्र एक कारण बदलले, तर त्याची सारी कार्ये बदलावी लागतात, ही अट त्यांना घालावी. ती पाळणारा विद्यार्थी चित्रपटातील छिद्रे तर ओळखीलच. शिवाय जे घडले ते तसेच का घडले, हेही त्याला अधिक नेमके कळेल.