पेसमेकर बसवल्यानंतरचे पहिले सहा आठवडे : मोबाईलच्या आधी हात सांभाळा

पेसमेकर बसवून माणूस घरी आला की बघायला येणाऱ्यांची रीघ लागते. चहा होईपर्यंत प्रत्येकजण एक सल्ला देऊन जातो. कुणी म्हणतं मोबाईल हातात धरू नका, कुणी म्हणतं टीव्हीपुढं बसू नका, कुणी म्हणतं हात अजिबात हलवू नका. पेशंट बिचारा मोबाईलला घाबरून राहतो, आणि आठव्या दिवशी म्हशीचं दावं धरायला जातो.

खरं पाहिलं तर सांभाळायचा क्रम उलटा आहे. मोबाईल आणि घरातल्या विजेच्या वस्तूंसाठी थोडं अंतर ठेवलं की भागतं. सुरुवातीच्या आठवड्यांत खरी काळजी घ्यायची ती जखमेची आणि त्या बाजूच्या हाताची. हे सहा आठवडे नीट गेले, तर पुढं बहुतेक सगळी कामं पहिल्यासारखी करता येतात.

मशीन नेमकं करतं काय

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. ठोका टाकायचा इशारा तिथून निघतो आणि खालच्या कप्प्यांपर्यंत जातो. हा इशारा कमी निघाला किंवा वाटेत अडला, तर नाडी मंद होते. मग चक्कर येते, डोळ्यांपुढं अंधारी येते, थोडं चाललं तरी दम लागतो, माणूस उभ्या उभ्या कोसळतो. मोटर चांगली, पण स्टार्टर किंवा वायर खराब, असा हा प्रकार.

पेसमेकरचं मशीन काडीपेटीपेक्षा लहान असतं आणि वजन साधारण २० ते ५० ग्रॅम. ते गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवतात. बहुतेक वेळा डाव्या बाजूला. तिथून एक किंवा दोन बारीक तारा शिरेतून हृदयात सोडतात. ठोका वेळेवर पडला नाही की मशीन अगदी हलका इशारा देतं. ठोका आपोआप पडत असेल तर ते नुसतं लक्ष ठेवून असतं.

तारेचं टोक हृदयाच्या आत टेकवलेलं किंवा स्क्रूसारखं अडकवलेलं असतं. त्याभोवती मांस धरायला काही आठवडे जातात. लावलेल्या रोपाची मुळी धरेपर्यंत ते कुणी ओढून बघत नाही, तसंच हे. तेवढ्यात हाताला जोराचा हिसका बसला तर तार जागची हलू शकते, आणि मग पुन्हा ऑपरेशनची वेळ येते.

पहिले दहा दिवस : जखम

जखम डॉक्टर सांगतील तोवर, साधारण ७ ते १० दिवस, कोरडी ठेवावी. तोवर ओल्या फडक्यानं अंग पुसावं, कमरेखाली पाणी घेतलं तरी चालतं. टाके विरघळणारे आहेत की काढायचे आहेत, हे घरी येतानाच विचारून घ्यावं.

जखमेवर हळद, चुना, तेल, झाडपाला, पावडर, काहीही लावू नये. गरम शेक देऊ नये. फुगवटा दिसला म्हणून सुई टोचून पाणी काढू देऊ नये. इथं जंतू शिरले तर ते मशीनपर्यंत आणि तारेवरून थेट हृदयापर्यंत जाऊ शकतात. मग मशीन आणि तारा दोन्ही काढाव्या लागतात. गोठ्यातलं काम, शेण-मूत, धूळ या दिवसांत दुसऱ्यावर सोपवावं.

जखमेभोवती निळं-काळं पडणं, छातीवर ते थोडं खाली उतरणं आणि दोन-तीन आठवड्यांत पिवळं होऊन जाणं, हे बहुतेकांना होतं. थोडं दुखणं, ओढल्यासारखं वाटणं हेही साहजिक आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सूज जास्त येऊ शकते. पण त्या गोळ्या मनानं बंद करू नयेत.

कपडे सैल आणि पुढून बटणं असलेले घालावेत. शर्ट घालताना ऑपरेशनच्या बाजूचा हात आधी, काढताना शेवटी. बायकांनी आतल्या कपड्याचा पट्टा जखमेवर घासणार नाही हे बघावं, मध्ये मऊ सुती फडकं ठेवावं.

सहा आठवडे : हात

किती दिवस पाळायचं ते प्रत्येकाचे डॉक्टर सांगतात. बहुतेक ठिकाणी ४ ते ६ आठवडे सांगतात. नियम दोनच आहेत. त्या बाजूचं कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, आणि त्या हातानं ४-५ किलोपेक्षा जास्त उचलायचं, ओढायचं, ढकलायचं नाही.

नियम सोपा आहे, पण दिवसातून दहा वेळा मोडायची पाळी येते. एसटीत वरचा दांडा धरला जातो. देवळात गेलं की हात आपोआप घंटेकडं जातो. फळीवरचा डबा काढायचा असतो, वाळत घातलेलं धोतर ओढायचं असतं, नातू धावत येतो त्याला उचलायचं असतं. हे सगळं दुसऱ्या हातानं करावं, नाहीतर करू नये. बायकांनी भरलेला हंडा, पाण्याची बादली, कणकेचा मोठा गोळा मळणं टाळावं. केस विंचरायला आणि वेणी घालायला घरातल्या कुणाची मदत घ्यावी.

याच्या उलट चूक करणारेही पुष्कळ आहेत. भीतीनं हात महिनाभर छातीशी बांधून ठेवतात. मग खांदा आखडतो आणि तो मोकळा करायला महिने लागतात. बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवावं. खांदाही पातळीच्या खाली हळूहळू पुढं-मागं करावा. जेवणं, लिहिणं, तोंड धुणं त्या हातानं करायला हरकत नाही. झोळी दिली असेल तर ती किती दिवस ठेवायची, हे विचारून घ्यावं.

दुसरी एक खोड सांगण्यासारखी आहे. कातडीखालचं मशीन बोटांनी चाचपत, फिरवत बसू नये. आत मशीन फिरलं की तारेला पीळ पडतो आणि ती ओढली जाते.

मांडीतून बसवलेला, तार नसलेला छोटा पेसमेकर असेल, तर हे हाताचे नियम लागत नाहीत. त्यात मांडीची जखम सांभाळायची असते.

शेतात कधी जायचं

चालायला पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करावी. आधी अंगणात, मग बांधापर्यंत, रोज थोडं वाढवत. दम लागला की बसावं. नजर ठेवायला शेतात गेलं तर काही बिघडत नाही. बिघडतं ते तिथं गेल्यावर हात शिवशिवतात म्हणून.

खुरपणी, कोळपणी, ऊसतोड, कुऱ्हाड, टिकाव, हापसा, वैरणीचा भारा, युरियाची ४५ किलोची गोणी, हे सगळं डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरच. जनावराचं दावं तर हातात धरूच नये, कारण जनावर कधी हिसका देईल याचा नेम नसतो. धार दुसऱ्या कुणीतरी काढावी. १६ लिटरचा फवारणी पंप भरला की वजनदार होतोच, शिवाय त्याचा पट्टा नेमका मशीनवर येतो. त्यामुळं सहा आठवड्यांनंतरही पंप पाठीवर घ्यायच्या आधी विचारावं.

मोटरसायकल आणि ट्रॅक्टर स्वतः चालवायचं कधी, हेही डॉक्टरच ठरवतील. एक कारण हाताला बसणारे हिसके. दुसरं म्हणजे आधी चक्कर येऊन पडलेला माणूस असेल तर ती चक्कर पूर्ण थांबली आहे, याची खात्री व्हायला हवी. विहिरीत, कालव्यात पोहायला तोवर उतरू नये.

मोबाईल, मोटर आणि करंट

मोबाईल वापरता येतो. मशीनपासून एक वीत, म्हणजे किमान १५ सेंटिमीटर अंतर ठेवावं. शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नये, आणि मशीन डावीकडं असेल तर उजव्या कानाला लावावा. काही मोबाईलमध्ये आणि त्यांच्या कव्हरमध्ये चुंबक असतो, तो छातीवर ठेवून झोपू नये.

टीव्ही, फ्रीज, मिक्सर, पंखा, इस्त्री, रिमोट चांगल्या स्थितीत असतील तर त्रास नाही. विजेच्या इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब राहावं. स्पीकरचा मोठा चुंबक, तसंच दुखण्यावर म्हणून विकले जाणारे चुंबकाचे पट्टे आणि गाद्या जवळ आणू नयेत. चुंबक जवळ असेतोवर मशीन एकाच ठरलेल्या गतीनं चालतं, लांब नेला की पूर्ववत होतं.

पाण्याच्या मोटरचा स्टार्टर दाबायला हरकत नाही. चालू मोटरवर किंवा स्पार्क प्लगच्या चालू इंजिनावर छाती नेऊन वाकू नये. वेल्डिंग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारेपासून लांब राहावं, ती चालू-बंद करायचं काम दुसऱ्याला द्यावं. डीपीवर फ्यूज टाकायला तर कुणीच जाऊ नये, पेसमेकर असो वा नसो.

पेशंटला हात लावला म्हणून घरच्यांना करंट लागत नाही. नातवंडांना जवळ घेऊन बसावं. नवरा-बायकोच्या संबंधांनाही जखम भरल्यावर अडचण नाही, फक्त त्या हातावर भार येऊ देऊ नये.

नाडी मोजायची सवय

मशीनमध्ये कमीत कमी किती ठोके ठरवले आहेत, हे डॉक्टरांना विचारून लिहून ठेवावं. बऱ्याच जणांना ६० ठेवलेले असतात. सकाळी शांत बसून मनगटावर तीन बोटं ठेवावीत आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावं. ठरवलेल्या आकड्यापेक्षा नाडी कमी लागली तर पुन्हा मोजावं, आणि तरी कमीच असेल तर दवाखान्यात फोन करावा.

हे दिसलं तर थांबू नका

चक्कर किंवा बेशुद्धी येणं, छातीत दुखणं, दम लागणं यासाठी १०८ ला फोन करून लगेच दवाखाना गाठावा. जखम लाल होणं, गरम लागणं, पू किंवा पाणी येणं, टाके उघडणं, ताप, फुगवटा वाढत जाणं, सगळा हात सुजणं यासाठी त्याच दिवशी दाखवावं. उचकी न थांबणं किंवा पोटाजवळ, छातीत सारखं फडफडणं, ही तार हलल्याची खूण असू शकते. ते पित्त समजून अंगावर काढू नये.

कागद आणि तपासणी

दवाखान्यातून पेसमेकरचं कार्ड मिळतं. त्यावर मशीनचं मॉडेल, नंबर आणि बसवल्याची तारीख असते. ते पाकिटात ठेवावं आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवावा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून काम झालं असेल तर घरी येण्याआधी आरोग्यमित्राला भेटून सगळे कागद ताब्यात घ्यावेत.

पहिली तपासणी चुकवू नये. तीत काही कापत नाहीत, दुखत नाही. छातीवर एक यंत्र ठेवून तारा, बॅटरी आणि गती बघतात आणि गरजेप्रमाणे बदलतात. बॅटरी साधारण ८ ते १२ वर्षं जाते. ती एकदम बंद पडत नाही, संपत आल्याचं तपासणीत आधीच कळतं. म्हणूनच पुढच्या तारखा पाळायच्या.

दात काढायचा असो, मोतीबिंदू असो, एमआरआय असो वा कंबरेला करंटचा शेक, आधी 'पेसमेकर आहे' हे सांगावं. पेसमेकरमुळं खाण्यात वेगळं पथ्य लागत नाही. मात्र बीपी आणि शुगरच्या गोळ्या, पथ्य पूर्वीसारखंच चालू ठेवावं, कारण मशीन फक्त नाडी सांभाळतं.

मनातली भीती

पहिल्या काही रात्री झोप लागत नाही. ठोके जोरात जाणवतात, मशीन बंद पडलं तर काय, असं वाटतं. काहीजण चिडचिडे होतात, काही गप्प होतात. 'आता मशीनवर जगतोय' हे वाक्य बऱ्याच घरांत ऐकू येतं. घरच्यांनी ते हसण्यावारी नेऊ नये. हृदय आपलंच चालतं, मशीन मदतीला असतं, हे सांगावं. उदास वाटणं आठवडेच्या आठवडे राहिलं तर डॉक्टरांच्या कानावर घालावं.

अंगात पेसमेकर बसवलेला जगातला पहिला माणूस स्वीडनचा, आर्ने लार्सन. ८ ऑक्टोबर १९५८ ला स्टॉकहोममध्ये त्यांना बसवलेलं पहिलं मशीन काही तासच चाललं. पुढच्या काळात त्यांना वीसपेक्षा जास्त वेळा मशीन बदलावं लागलं. तरीही ते २००१ सालापर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. आजची मशीनं त्या काळाच्या कितीतरी पुढं आहेत.

तेव्हा बघायला येणाऱ्यांना चहा द्यावा, सल्ला ऐकून घ्यावा, आणि दावं तेवढं सहा आठवडे दुसऱ्याच्या हातात द्यावं.

(ही सर्वसाधारण माहिती आहे. प्रत्येकाचं मशीन आणि आजार वेगळा असतो, त्यामुळं आपल्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तेच पाळावं. छातीत झटका देणारं मशीन बसवलं असेल तर त्याचे नियम वेगळे असतात, ते दवाखान्यात विचारून घ्यावेत.)