वार, दासोह आणि जीएंचा ‘स्वामी’

हुबळीच्या रेल्वे स्टेशनाला २०२० पासून सिद्धारूढ स्वामींचं नाव आहे. त्या स्टेशनातला १५०७ मीटर लांबीचा फलाट जगातला सर्वांत लांब म्हणून वर्तमानपत्रांत गाजला, पण आमच्याकडच्या जुन्या माणसांना त्या नावाचं अप्रूप जास्त वाटलं. गाडी रात्री-अपरात्री पोचली आणि गावात ओळखीचं कुणी नसलं, तर ही माणसं पाहुण्याला एकच सल्ला देत: सरळ मठात जा. तिथे आधी पानावर बसवतील, कोण-कुठले ते मग विचारतील. १९२९ साली समाधिस्थ झालेल्या एका साधूच्या नावावर हुबळी-धारवाडकरांनी एवढा भरवसा ठेवला होता, आणि आजही ठेवतात.

धारवाडात मी बरीच वर्षं मराठी शिकवलं. जी. ए. कुलकर्णींची ‘स्वामी’ ही कथा वर्गात घेतली की एक प्रश्न हमखास यायचा: “बाई, हा माणूस त्या महंताबरोबर मुळात गेलाच कसा?” विचारणाऱ्याच्या सुरात त्या माणसाबद्दल थोडा राग असायचा. इतका कसा भोळा? अनोळखी माणूस चल म्हणतो आणि हा निघतो?

कथा ‘पिंगळावेळ’ या १९७७ सालच्या संग्रहात आहे. प्रवासात अडकलेला एक साधा माणूस. त्याला एक महंत भेटतो, आर्जवाने मठात मुक्कामाला बोलावतो. तिथे त्याचं आदरातिथ्य होतं. मग आतल्या एका खोलीत त्याच्यामागे दार बंद होतं ते कायमचं. मठाला स्वामी हवा होता आणि यापुढे तो स्वामी हाच. महंत आरडाओरडा करत नाही, धमकावत नाही. मठाची गरज, गावाचं भलं, संसारापासून सुटलेल्या माणसाचं भाग्य, हे सगळं तो समजावून सांगतो. त्या बंद खोलीत अखेर वाढत राहतो तो एक वेल, बाहेरच्या उजेडाकडे.

समीक्षकांनी या कथेत नियती पाहिली, माणसाचं एकटेपण पाहिलं, मृत्यूवर मात करू बघणारं जीवन पाहिलं. ते सगळं तिथे आहेच. पण मुलांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात सापडत नाही. ते धारवाडच्या जुन्या रीतींत सापडतं, असं माझं ठाम मत आहे.

धारवाड हे शिकायला येणाऱ्यांचं गाव. बासेल मिशनचे लोक १८३७ मध्ये इथे आले आणि त्यांनी शाळा काढल्या. कर्नाटक कॉलेज १९१७ साली सुरू झालं. त्याआधी मुंबई इलाख्याच्या या दक्षिण टोकाच्या मुलाला पदवीसाठी पुणं, मुंबई नाहीतर कोल्हापूर गाठावं लागे. कॉलेज झालं तसे बेळगाव, विजापूर, कारवारकडचे मुलगे इथे येऊ लागले. त्यातल्या पुष्कळांच्या घरी फी भरायची ऐपत जेमतेम होती, खानावळीची तर नव्हतीच. ब्राह्मण मुलांसाठी तेव्हा वाराची रीत होती, मराठी घरांत आणि कन्नड घरांतही. सात वार, सात घरं. ज्या घराने जो वार दिला त्या दिवशी तिथे जेवायचं.

माझे आजोबा असेच वार लावून शिकले. त्यांच्या तोंडून ऐकलेले तपशील मला अजून पाठ आहेत. गुरुवारच्या घरी त्यांना घरच्या मुलांच्या ओळीत पाट मांडलेला असे आणि तुपाची धार सगळ्यांना सारखी पडे. सोमवारच्या घरी मात्र पान सोप्यावर, पंक्तीपासून बाजूला. तिथे जेवणाआधी बंबाची लाकडं फोडायची आणि विहिरीचं पाणी भरायचं. भाकरी दुसऱ्यांदा मागायची नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं, पण कळत असे. सोमवारचं घर त्यांनी सोडलं नाही, कारण सोडलं तर सोमवार उपाशी. त्या घरातल्या बाई मात्र निघताना त्यांच्या खिशात गुळाचा खडा सरकवत. आजोबा म्हातारपणीही त्या खड्याबद्दल बोलत आणि अपमानाबद्दल फारसे बोलत नसत. वर्षानुवर्षं परक्या चुलीवर वाढलेल्या माणसाला ‘चल, जेवायला’ म्हणणाऱ्याचा संशय घेणं शक्यच नव्हतं.

वाराला जातीची वेस होती. ती ओलांडायचं मोठं काम इथल्या मठांनी केलं. धारवाडच्या मुरुघा मठात मृत्युंजय अप्पांच्या काळात खेड्यातल्या गरीब मुलांची राहण्या-जेवणाची फुकट सोय झाली, आणि तिथे जेवून शिकलेली माणसं पुढे शिक्षक, वकील, लेखक, अधिकारी झाली. मठातल्या या अन्नदानाला दासोह म्हणतात. बसवण्णांच्या काळापासून, म्हणजे १२व्या शतकापासून, शरण परंपरेने कायक आणि दासोह यांची सांगड घातली: कष्ट करून मिळवायचं आणि वाटून खायचं. हुबळीच्या सिद्धारूढ मठातही अन्नछत्र आहे. तिथल्या पंक्तीला मी बसले आहे. भात, वर गरम सारू, कधी गव्हाची हुग्गी. वाढणारा वाकून विचारतो, “आणि थोडं?” आणि उत्तर यायच्या आत वाढून पुढे सरकतो. शेजारी कोण बसलंय, मजूर, व्यापारी की परगावची बाई, याची चौकशी कुणी करत नाही. या भागात भेटल्यावर पहिलं वाक्य ‘ऊटा आतेन्री?’ हेच, जेवण झालं का?

आता जीएंचा प्रवासी पुन्हा बघा. तो दमलेला आहे, गाव परकं आहे आणि समोर मठाचा माणूस ‘या’ म्हणतोय. त्याने जायचं नाही तर काय करायचं? शेकडो वर्षं खऱ्या यजमानांनी दार उघडं ठेवून जी पत कमावली, ती हा एक महंत एका संध्याकाळीत वापरतो. जिथे मठ कुणालाच जेवू घालत नसते, तिथे ही कथा घडूच शकली नसती. प्रवासी पहिल्या पावलालाच थबकला असता. म्हणून मी वर्गात सांगत असे की चूक त्या माणसाची नाही. त्याने रीतीवर विश्वास ठेवला आणि रीत तोवर खरी होती. महंताचा गुन्हा यामुळे अधिकच मोठा होतो, कारण तो एका प्रवाशाला फसवताना त्याच्यामागून येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाचं दार बंद करतो.

दुसरी रीत गादीची. मठाचं पीठ रिकामं राहू नये म्हणून इकडच्या विरक्त मठांत लहान वयातच उत्तराधिकारी निवडायची पद्धत चालत आली आहे. त्याला ‘मरी’ म्हणतात. घरचे लोक मुलाला मठाच्या ओटीत घालतात. दीक्षा झाली की आईवडील, नाव, घर हे सगळं पूर्वाश्रमात जमा होतं आणि त्याविषयी पुन्हा बोलायचं नसतं. यातले कितीतरी मुलगे मोठे विद्वान झाले, गावांचे आधार झाले. तरीही त्या वयात मुलाला कुणी विचारलं असेल का, हा प्रश्न मला छळत आला आहे. जीएंनी कुठल्या खऱ्या मठाची हकीकत लिहिलेली नाही, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. पण संस्थेला माणूस हवा असतो आणि त्या माणसाची संमती ती गृहीत धरते, हे त्यांनी ओळखलं होतं. ‘स्वामी’तल्या माणसाचं नाव-गाव असंच एका रात्रीत पुसलं जातं.

जीए स्वतः १९२३ मध्ये एकसंब्याला जन्मले आणि त्यांचं नोकरीचं जवळजवळ सगळं आयुष्य धारवाडात गेलं. जनता शिक्षण समितीच्या कॉलेजात ते इंग्रजी शिकवत. दोन मावसबहिणींसह राहत. सभा-संमेलनांत जात नसत, डोळ्यांवर काळा चष्मा असे, भेटायला येणाऱ्यांना सहसा जवळ करत नसत. ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचा १९७३चा पुरस्कार मिळाला आणि पुस्तकाच्या प्रकाशन-वर्षावरून वाद उठला, तेव्हा त्यांनी तो परत करून टाकला. याच माणसाने सुनीताबाई देशपांड्यांना आणि इतरांना मनमोकळी, पानंच्या पानं पत्रं लिहिली. भरवसा टाकायचा तर पुरा टाकायचा आणि तो फार थोड्यांवर, असा हा स्वभाव. ‘स्वामी’तला धक्का इतका खोल का लागतो, ते या पत्रांवरून थोडं कळतं. विश्वासाची किंमत ठाऊक असलेल्यालाच विश्वासघात असा लिहिता येतो. ११ डिसेंबर १९८७ रोजी पुण्यात ते गेले.

आता धारवाडात वार लावून जेवणारा मुलगा दिसत नाही. वसतिगृहं आहेत, मेस आहे, खोल्या भाड्याने मिळतात. वर्गातल्या मुलांना म्हणूनच तो प्रवासी मूर्ख वाटत होता. परक्या घरच्या पानावर त्यांना कधी बसावं लागलं नव्हतं.

‘स्वामी’ शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापकांना माझी विनंती आहे. नियती आणि अस्तित्ववादाकडे वळण्याआधी एक तास वाराला आणि दासोहाला द्या. घरात कुणी वार लावून किंवा मठाच्या बोर्डिंगात राहून शिकलेलं असेल, तर मुलांना त्यांच्या आठवणी लिहून आणायला सांगा. ती पिढी आता फार उरलेली नाही. हे काम याच वर्षी करा.