गटाराच्या तोंडाशी घातलेली मर्यादा: एका अटीची कुळकथा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही एमआयडीसीत एक शब्द सतत कानावर पडतो: कन्सेंट. कन्सेंट आला का, कन्सेंटची मुदत कधी संपते, कन्सेंटात कोणती अट घातली आहे. सरकारी कागदावर त्याला संमतिपत्र म्हणतात, पण बोलण्यात तो कन्सेंटच. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात हा शब्द आला तो इंग्लंडमधल्या १९३७ च्या एका कायद्याच्या वळणाने. 'ट्रेड एफ्लुएंट', म्हणजे व्यवसायातून निघणारं सांडपाणी, हा त्याचा जोडीदार शब्दही त्याच घराण्यातला. शब्द आले, पण ज्या विचारातून ते जन्मले तो विचार पूर्णपणे आला नाही. सार्वजनिक गटारात कारखान्याने काय आणि किती सोडावं, हा आकडा त्या गटाराच्या शेवटी काय उभं आहे हे पाहून ठरवायचा असतो. या मर्यादेचा सगळा इतिहास हेच सांगतो.

सुरुवात मात्र मर्यादेने झाली नव्हती, हक्काने झाली होती. इंग्लंडच्या १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने घरमालकाला आपली मोरी गटाराला जोडण्याचा हक्क दिला. पुढच्याच वर्षी नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध कायदा झाला. नदीत घाण सोडू नका म्हटल्यावर कारखान्यांनी ती सोडायची कुठे? म्हणून त्या कायद्याच्या ७ व्या कलमात स्थानिक संस्थांना सांगितलं गेलं की कारखान्यांना गटारात पाणी सोडण्याची सोय करून द्या. अपवाद मोजके होते. गटाराला इजा होत असेल, पाणी फार गरम असेल, आरोग्याला धोका असेल, किंवा मैला विकण्यात वा शेतीला देण्यात अडचण येणार असेल, तर नकार देता येत असे. यातला शेवटचा अपवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या काळी शहराचा मैला शेतावर सोडत, म्हणजे गटाराचं दुसरं टोक जमिनीत होतं. तिथे पिकाला काय चालेल, यावर इथे गिरणीने काय सोडायचं ते अवलंबून होतं. आकडा अजून नव्हता, पण हिशेबाची दिशा शेवटाकडून सुरुवातीकडे, हीच होती.

पहिला ठळक आकडा तापमानाचा. १८९० च्या दुरुस्ती कायद्याने ११० अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअसपेक्षा गरम आणि उपद्रवकारक पाणी गटारात सोडायला बंदी केली. आज हा आकडा किरकोळ वाटेल, पण त्यामागे अनुभव होता. गरम पाण्यात चरबी वितळून वाहते आणि पुढे थंड झाली की नळाच्या भिंतींवर थिजते. उष्णतेने मैल्यातून वायू सुटतात, आणि गटारात उतरणारा माणूस त्या वायूत आणि वाफेत सापडतो. चरबीचा त्रास किती असतो हे ब्रॅडफर्डला विचारावं. लोकरीच्या या शहरात कच्ची लोकर साबणाच्या पाण्यात धूत. मेंढीच्या अंगचं मेण, घाम, माती आणि साबण यांचं ते दाट, पिवळट पाणी गटारात जाई. शहराच्या एशोल्ट इथल्या मैलाशुद्धी केंद्राला त्यात गंधकाम्ल घालून चरबी वेगळी काढावी लागे. ती चरबी विकलीही जाई, पण हा सगळा उद्योग पालिकेच्या गळ्यात पडला होता, गिरण्यांच्या नव्हे.

सांडपाणी विल्हेवाटीवरच्या शाही आयोगाने १९०३ च्या अहवालात कारखान्यांच्या सांडपाण्याचा विचार केला, पण कायदा व्हायला १९३७ उजाडलं. दरम्यान एक मोठी गोष्ट घडली होती. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी सक्रिय गाळाची पद्धत जगापुढे मांडली. आता मैला शुद्ध करणार होते हवा दिलेल्या टाकीतले जिवाणू. शेत एक वेळ चुकीचं पाणी सोसतं, जिवाणूंची टाकी एका रात्रीत मरू शकते. १९३७ च्या कायद्याने कारखानदाराला सूचना देणं भाग पाडलं: पाण्यात काय आहे, दिवसाला जास्तीत जास्त किती, आणि कोणत्या वेगाने. ती वाचून स्थानिक संस्था संमती देई आणि अटी घाली. प्रत्येक संमती त्या कारखान्यापुरती आणि त्या केंद्रापुरती. जुन्या सांडपाण्याला मात्र मोकळीक राहिली आणि ती १९६१ च्या कायद्यापर्यंत बऱ्याच अंशी टिकली. नव्या कारखान्याला अट आणि जुन्याला सूट, ही खोड पुढे अनेक देशांनी उचलली.

या विचाराला गणिताचं रूप अमेरिकेने दिलं, तेही ठेच लागल्यावर. व्हर्जिनियातल्या होपवेल गावात १९७४-७५ मध्ये एका जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेत केपोन नावाचं कीटकनाशक बनत होतं. त्याचं सांडपाणी गावाच्या गटारात जाई. मैलाशुद्धी केंद्रातल्या गाळ कुजवणाऱ्या टाकीतले जिवाणू मेले आणि टाकी बंद पडली. ती टाकी का मेली हे गांभीर्याने विचारलं गेलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. कामगारांना कंप सुटू लागला, विष जेम्स नदीत पोचलं आणि डिसेंबर १९७५ मध्ये राज्यपालांना नदीत मासेमारी बंद करावी लागली. १९७७ मध्ये केंटकीतल्या लुइव्हिलमध्ये कुणीतरी विषारी क्लोरिनयुक्त रसायन गटारात ओतलं. केंद्रातले कामगार आजारी पडले, केंद्र बंद ठेवावं लागलं आणि शहराचा मैला प्रक्रियेविना ओहायो नदीत गेला. त्याच शहरात १३ फेब्रुवारी १९८१ च्या पहाटे सोयाबीनचं तेल काढणाऱ्या कारखान्यातून निसटलेल्या हेक्झेनचा गटारात स्फोट झाला आणि मैलभराहून अधिक लांबीचे रस्ते खचले.

या स्फोटाच्या आधीच, १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याचा आधार घेऊन जून १९७८ मध्ये अमेरिकेने पूर्वप्रक्रियेचे नियम काढले. त्यांतल्या स्थानिक मर्यादांची रीत समजायला सोपी आहे. समजा, एका केंद्रात दिवसाला जास्तीत जास्त १० किलो जस्त आलेलं चालतं. हे १० किलो तीन प्रश्नांतून ठरतात: नदीला किती चालेल, गाळ खत म्हणून वापरायचा तर त्यात किती चालेल, आणि जिवाणूंना किती सोसवेल. तिन्हींतलं सगळ्यांत लहान उत्तर घ्यायचं. त्यातून घरांमधून येणारं जस्त वजा करायचं, निदान एक दशांश राखीव ठेवायचं, आणि उरेल ते कारखान्यांत वाटायचं. तांब्याच्या बाबतीत तर घरांतल्या नळांच्या गंजातूनच मोठा वाटा संपतो. गावं वेगळी, नद्या वेगळ्या, म्हणून उत्तरं वेगळी.

यावर पहिला आक्षेप असा की गावोगावी वेगळा आकडा ठेवला तर कारखाने ढिल्या गावाकडे पळतील. तो खरा आहे आणि म्हणूनच अमेरिकेत उद्योगवार राष्ट्रीय मर्यादा तळाशी ठेवल्या आहेत. स्थानिक आकडा त्याहून कडक होऊ शकतो, ढिला नाही. दुसरा आक्षेप लहान उद्योजकाचा: क्रोम प्लेटिंगच्या चार टाक्यांच्या शेडला प्रक्रियेचा खर्च कसा परवडावा? ही तक्रार मी हलकी मानत नाही. पण त्या शेडमधली धुण्याची टाकी पाहावी. टाकीतून काढलेला भाग लगेच पाण्यात बुडवला तर अंगावरचं पिवळं क्रोमियम सगळं पाण्यात जातं. तोच भाग जरा वेळ टाकीवर निथळू दिला आणि एकामागून एक टाक्यांत उलट्या प्रवाहाने धुतला, तर पाणीही कमी लागतं आणि क्रोमियमही कमी वाया जातं. उरलेल्यासाठी सामाईक प्रक्रिया केंद्र असावं. शिवाय ही रीत कारखान्याला सवलतही देते. बिअर वा दुधाच्या कारखान्याचं पाणी जिवाणू पचवू शकतात. केंद्राची तेवढी ताकद असेल तर ते घ्यावं आणि त्याचे पैसे आकारावेत. लंडनच्या पश्चिमेकडल्या मॉग्डेन केंद्राच्या नावाने ओळखलं जाणारं आकारणीचं सूत्र हेच करतं. जे पचत नाही ते मात्र कितीही पैसे दिले तरी गटारात नको, कारण पाणी मिसळून पातळ केलं तरी धातूचं वजन घटत नाही. तो नदीत जातो किंवा गाळात बसतो.

भारतात १९६५ मध्ये भारतीय मानक संस्थेने सार्वजनिक गटारांसाठी मर्यादा छापल्या. महाराष्ट्राने स्वतःचा जल प्रदूषण कायदा १९६९ मध्ये केला, केंद्र सरकारच्या पाच वर्षं आधी, आणि १९७० मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी मंडळ स्थापलं. ही दूरदृष्टी होती. पण पुढे १९८६ च्या पर्यावरण नियमांच्या सहाव्या परिशिष्टात आपल्याला मिळाला तो देशभर एकच रकाना. त्यात सहा-संयुजी क्रोमियम नदीत सोडायचं तर लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम, गटारात २ मिलिग्रॅम, म्हणजे वीस पट. जस्त नदीत ५, गटारात १५. पुढे मैलाशुद्धी केंद्र आहे, ते उरलेलं सांभाळेल, या भरवशावर ही सूट दिलेली आहे. पण जिवाणू क्रोमियम खात नाहीत. त्यामुळे ती सूट त्या केंद्राचा हिशेब केल्याविना देणं मला चूक वाटतं.

दुरुस्तीसाठी नवा कायदाही लागणार नाही. त्याच नियमांनुसार राज्याचं मंडळ, सांडपाणी ज्यात जाऊन मिळतं त्याची स्थिती पाहून आणि लेखी कारणं नोंदवून, अधिक कडक मर्यादा घालू शकतं. आणि परिशिष्टातल्या गटाराच्या रकान्याला एक तळटीप आहे, ती प्रत्येक नगरसेवकाने आणि उद्योजक संघटनेने वाचावी. गटार जैविक प्रक्रिया असलेल्या केंद्राकडे जात असेल तरच हा रकाना लागू होतो. तसं नसेल, तर गटारात सोडलेलं पाणी नदीत सोडलं असंच धरायचं आणि क्रोमियमची मर्यादा २ नव्हे, ०.१.