हंगामी बाईचं बाळंतपण

मोठ्या कंपन्यांनी नफ्यातला काही भाग समाजासाठी खर्च करावा, असा कायदा आपल्याकडे २०१३ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१४ पासून तो लागू झाला. ‘सामाजिक उत्तरदायित्व’ हे त्याचं भारदस्त नाव. बोलताना सगळे सीएसआरच म्हणतात. गरोदर बायकांच्या तपासण्या, पोषण आहार, रुग्णवाहिका अशी कामं या पैशातून होतात. हे सगळं अलीकडचं, असा आपला समज असतो. पण बाळंतिणीचा भार कारखानदाराने किती उचलावा, हा वाद महाराष्ट्रात शंभर वर्षं जुना आहे. त्या वादात आपला बुलडाणा जिल्हा कुठे होता, ते आज मला सांगायचं आहे.

१८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला, तो जलंबपासूनच्या आठ मैलांच्या रेल्वे फाट्याचं उद्घाटन करायला. एवढ्याशा अंतरासाठी वेगळा लोहमार्ग टाकायचं कारण एकच, कापूस. पुढे खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर या गावांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. रेच्यावर कापूस लावायचं काम बायकांचं. दिवाळीच्या सुमाराला हंगाम सुरू व्हायचा आणि होळीच्या आसपास आटोपायचा. शेजारच्या खानदेशातल्या जिनांबद्दल १८८५ च्या मुंबईच्या कारखाना आयोगापुढे साक्षी झाल्या. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत काम, आणि ऐन गर्दीत रात्रंदिवस तेच मजूर, असं त्यातून बाहेर आलं. माझ्या लहानपणी जिनाच्या आवारात बाभळीला टांगलेल्या झोळ्या मी पाहिल्या आहेत. आतून रुईचे तंतू उडत यायचे आणि झोळीतल्या लेकराच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. त्या झोळीची नोंद कुठल्या सरकारी कागदात असेल, असं तेव्हा मनातही आलं नव्हतं.

नोंद झाली ती मुंबईच्या गिरण्यांतल्या बायकांची. सरकारच्या मजूर कचेरीने १९२१-२२ मध्ये डॉ. बार्न्स या बाईंकडून त्यांची पाहणी करवली. कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या पोरांना अफू चाटवून निजवतात, आणि हे अपवादाने नव्हे तर घरोघर चालतं, असं त्यांना आढळलं. १९२६ मध्ये परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडलं आणि १९२९ मध्ये जवळच बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय. गिरणीमालक घराण्याच्या दानातून, गिरणगावातच उभी राहिलेली ही रुग्णालयं आहेत. सीएसआरचे पूर्वज शोधायचे तर मी तरी तिथेच बोट ठेवीन.

पण दान हे मालकाच्या मर्जीवर असतं. म्हणून ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूती भत्त्याचं विधेयक आणलं. ते फेटाळलं गेलं. मग मुंबई विधिमंडळात तसं विधेयक आलं आणि २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. आईला विसावा मिळण्यात राष्ट्राचं हित आहे, म्हणून मोठा भार सरकारने उचलायला हवा, हे त्यांना मान्य होतं. तरीही बाईच्या श्रमावर नफा मिळवणारा मालक पूर्ण मोकळा सुटू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. १९२९ मध्ये कायदा झाला. रोजचे आठ आणे, तेही काही आठवडेच. पण आता तो बाईचा हक्क होता. १९३० मध्ये मध्य प्रांतानेही तसा कायदा केला. कारभारापुरतं आपलं वऱ्हाड त्याच प्रांताला जोडलेलं होतं.

इथे एक शब्द आडवा आला: ‘हंगामी’. मजुरांविषयीच्या शाही आयोगाने १९३१ मध्ये देशभर असे कायदे करा म्हटलं, पण वर्षभर चालणाऱ्या कारखान्यांतल्या बायकांपुरते. १९४८ चा राज्य विमा कायदा स्वतंत्र भारताचा. त्यात प्रसूतीचा लाभ होता, मात्र हंगामी कारखाने वगळून. हंगामी कशाला म्हणायचं, याची यादीच कायद्यात दिली आणि तिच्यात अगदी सुरुवातीला जिनिंग. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने बारा महिन्यांत १६० दिवस काम भरण्याची अट घातली. दिवाळी ते होळी मोजून पाहा, सुट्ट्या न धरताही तेवढे दिवस भरत नाहीत. १९८८ च्या दुरुस्तीने ही अट ८० दिवसांवर आली, तेव्हा कागदावर का होईना दार उघडलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही राज्य विम्यातून हंगामी कारखाना वगळलेलाच आहे.

आता सीएसआरकडे वळू. २०१३ च्या कायद्यात खर्चाच्या कामांची जी यादी होती, तिच्यात ‘बालमृत्यू कमी करणे व मातांचे आरोग्य सुधारणे’ असं स्वतंत्र कलम होतं. कायदा लागू होण्याआधीच, फेब्रुवारी २०१४ मध्ये यादी नव्याने लिहिली गेली. त्यात हे कलम ‘आरोग्यसेवा’ या मोठ्या शब्दात विरून गेलं. आई गेली, आरोग्य राहिलं! शिवाय खर्च करताना कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं कायदाच सांगतो. खर्चाचं बंधन ५०० कोटींची मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा असणाऱ्या कंपन्यांना. आपल्याकडचं साधं जिन यात बसणं कठीण. कापूस इथला, पण त्याचं सूत आणि कापड करणाऱ्या बड्या कंपनीचा ‘परिसर’ दुसरीकडे. जिजाऊंचं माहेर याच जिल्ह्यातलं सिंदखेडराजा. राज्य सरकारने २००५ मध्ये माता-बालकांच्या पोषणासाठी मिशन काढलं, त्याला नावही त्यांचंच दिलं. सरकारी योजनेत जिल्हा असा नावाने तरी आला.

माझ्या मते कापूस जिथून येतो, तो गावही कंपनीने आपला परिसर धरायला हवा. हंगामाचे चार-पाच महिने जिनाजवळ पाळणाघर आणि एक परिचारिका, हा खर्च बड्या कंपनीला फार नाही. आणि त्या ऐंशी दिवसांचं काय? ते भरल्याचा पुरावा म्हणजे हजेरीपट. मी पाहिलेल्या ठेकेदारांच्या वह्यांत बाईचं नाव क्वचितच सापडलं. नवऱ्याचं नाव आणि पुढे ‘जोडी’ एवढंच. रुग्णवाहिका द्यायला येणाऱ्या कंपन्यांनी ती जरूर द्यावी. मात्र कापसाच्या गाठी खरेदी करताना, त्या जिथे बांधल्या तिथला हजेरीपटही मागून बघावा.